दमणीची हरकत

त्यांच्यासमोर भांडायचं असेल तर आधी तांब्याभर पाणी प्यावं लागे. घोटभर नव्हे, तांब्याभर. सभेत कुणी तावातावानं उठलं की ते हात वर करत आणि म्हणत, "पह्यले पानी पे, मंग बोल." तांब्या त्यांच्या खुर्चीशेजारी भरूनच ठेवलेला असे. पाणी पिताना ओरडता येत नाही, आणि तांब्याभर पाणी पोटात गेल्यावर माणसाला पहिल्याइतकं ओरडावंसं वाटत नाही, हे मी तिथंच शिकलो. मी स्वतःही ते पाणी प्यायलो आहे. थंडीच्या दिवसांत तर त्या तांब्याच्या धाकानंच अर्धी भांडणं घरी राहत.

सगळे त्यांना ओव्हरसियर साहेब म्हणत. त्यांचं नाव मला माहीत आहे, पण सांगून उपयोग नाही. त्या नावानं त्यांना त्यांच्या गल्लीतही कुणी ओळखलं नसतं. बांधकाम खात्यात मोऱ्या आणि रस्ते बांधून ते निवृत्त झाले आणि वरवट बकालला घर करून राहिले. उंच, थोडे पुढे झुकलेले, डोक्यावर पांढरी टोपी, उन्हाळ्यातही अंगात कोट. कोटाच्या खिशात सुतळीचं एक भेंडोळं असे. ही सुतळी काढून ते कशाचंही माप घेत. लग्नाच्या पंगतीत दोन पाटांमधलं अंतर मोजताना मी त्यांना पाहिलं आहे. पहिल्यांदा माझ्या कचेरीत आले तेव्हा नमस्काराच्या आधी त्यांनी दाराला सुतळी लावली, मग टेबलाला लावली आणि मला विचारलं, "हे टेबल आत कसं आलं?" मला ते आजतागायत कळलेलं नाही.

राज्य नवं झालं होतं, पंचायत समित्या तर अगदीच कोऱ्या होत्या, आणि मी साताऱ्याकडचा एक पोरगेलासा विस्तार अधिकारी म्हणून तिथं जाऊन पडलो होतो. उद्योगांचा विस्तार करायचा होता. सुतार, लोहार, कुंभार यांच्याकडे जायचं आणि त्यांना काय हवं ते विचारायचं. ते काय सांगत आहेत हे कळायलाच मला पहिले काही महिने लागले. ओव्हरसियर साहेब मला 'पुनेरी' म्हणत. मी साताऱ्याचा आहे असं सांगून दमलो. अजिंठ्याच्या घाटापलीकडे त्यांच्या लेखी सगळं पुणंच होतं.

माझा आणि त्यांचा संबंध आला तो एका वाटेमुळे. वरवट बकालपासून पलीकडच्या गावापर्यंत कोसभर वाट होती, सगळी काळ्या जमिनीतून जाणारी. उन्हाळ्यात तिला हातभर खोल चाकोऱ्या पडत आणि पावसाळ्यात ती वाटच राहत नसे. गारा, म्हणजे चिखल, इतका की बैल पोटापर्यंत रुते. पक्का रस्ता करण्याइतका दगड मंजूर नव्हता. तेव्हा असं ठरलं की वाटेभर दगडाच्या दोन पट्ट्या बसवायच्या, एका पट्टीवरून गाडीचं एक चाक जाईल, दुसरीवरून दुसरं, आणि बैल मधल्या मुरुमावरून चालतील. युक्ती चांगली होती. प्रश्न एवढाच होता की दोन पट्ट्यांमध्ये अंतर किती ठेवायचं. तिकडे मालाच्या बैलगाडीला बंडी म्हणतात, आणि प्रत्येक सुताराची बंडी वेगळ्या मापाची होती. एकदा दगड बसला की त्या मापाबाहेरची प्रत्येक बंडी चिखलात जाणार होती. म्हणून माप ठरवायला एक समिती नेमली गेली. ओव्हरसियर साहेब तिचे अध्यक्ष आणि मी चिटणीस.

मी उत्साहानं एक नोटीस तयार केली, 'हरकती मागविण्यात येत आहेत' अशी, आणि कचेरीच्या भिंतीवर डकवली. साहेबांनी ती वाचली, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "पुनेरी, भिंतीले हरकत हाये का?" मग त्यांनी दवंडीवाल्याला बोलावलं. बाजारात, पारावर, चहाच्या हॉटेलापुढे दवंडी फिरली की बंडीच्या मापाबद्दल ज्याला काही म्हणायचं असेल त्यानं बाजाराच्या दिवशी शाळेच्या आवारात यावं, समिती ऐकून घेईल. मला वाटलं पाच-दहा लोक येतील. निम्मा बाजार आला.

तिथं मी त्यांची पद्धत पाहिली. पाण्याचं सांगितलंच. दुसरा नियम याहून अवघड होता. ज्याच्याशी तुमचं भांडण आहे त्याचं म्हणणं आधी तुम्ही सांगायचं, आणि ते असं सांगायचं की त्यानं 'हाव', म्हणजे 'हो', म्हटलं पाहिजे. त्याचा 'हाव' मिळाला की मग तुमचं बोलायचं.

तुळशीराम पाटील मोठे जमीनदार. त्यांच्या कापसाच्या बंड्या रुंद. करीम मिस्त्री सुतार, त्यांचं गिऱ्हाईक सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत, म्हणून त्यांच्या बंड्या अरुंद. पाटील उठले तेच मुळी गरजत. "मिस्त्री खोटं बोलून राह्यला! त्याले काय समजते कापसातलं!"

तांब्या पुढे झाला. पाटील प्यायले.

"आता मिस्त्री काय म्हनते ते सांगा," साहेब म्हणाले.

"तो म्हनते का डोंगराकडच्या वाटा अरुंद हायेत."

साहेबांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी मान हलवली. "हाव नाही होत, साहेब. अरुंद तं हायेतच. मी म्हनलो का दोन्ही बाजूले धोंडे हायेत, रुंद बंडीचं चाक धोंड्याले घासते, आरे तुटतात."

"काऊन बे, तेच तं म्हनलो मी!"

"नाही म्हनले," साहेब शांतपणे म्हणाले. "पुन्हा सांगा, पाटील."

पाटलांनी पुन्हा सांगितलं, धोंडे आले, आरे तुटले, आणि मिस्त्रींनी "हाव, आता बराबर," असं म्हटलं तेव्हा पाटलांचा आवाज निम्म्यावर आलेला होता. मग मिस्त्रींनी पाटलांचं म्हणणं सांगितलं, रुंद बंडी नसेल तर कापसाचा भार उलटतो हे. अशा सभा कितीतरी बाजारांना झाल्या. एका गृहस्थाचं म्हणणं पडलं की दगडावर बैलाचे खूर घसरतील. मला हसू आलं. साहेबांनी त्याच्याच बैलाला देवळाच्या फरशीवरून दोनदा चालवून दाखवलं आणि विचारलं, "मिटली का?"

हा त्यांचा तिसरा नियम. हरकत फेटाळली किंवा मान्य केली असं ते कधीच म्हणत नसत. ते हरकत घेणाऱ्याला विचारत, "मिटली का?" आणि तो "मिटली" म्हणेपर्यंत पुढे सरकत नसत. याला किती वेळ लागे हे सांगत नाही. समितीतले इतर सभासद जांभया देत, आणि मी तर एकदा रागानं म्हणालो की साहेब, मतदान घेऊन टाका. त्यांनी माझ्यापुढे तांब्या सरकवला.

एकदा एका तापट माणसानं भर सभेत त्यांच्या आईचा उद्धार केला. मी ताडकन उठलो. ते म्हणाले, "बसा. शिवी माही, हरकत समितीची. माही मी पाहून घेतो, समितीची तुम्ही लिहून घ्या." आणि खरोखरच त्या शिवीतून मुद्दा वेगळा काढून त्यांनी तो माणसाला परत सांगितला. मुद्दा बरोबर होता. पट्ट्यांच्या कडा वर ठेवल्या असत्या तर खाली उतरलेलं चाक पुन्हा वर चढलं नसतं. माणूस ओशाळून बसला आणि कडा उतरत्या करायचं ठरलं.

शेवटी सगळ्यांचा 'हाव' मिळवून बंडीचं एक माप ठरलं. साहेबांनी सुतळीला त्या मापावर एक गाठ मारली. पट्ट्या अशा रुंदीच्या की पाटलांची बंडी बाहेरच्या कडेनं जाईल आणि मिस्त्रींची आतल्या. दोघंही खूश. मीही खूश, कारण आता काम संपलं होतं.

रविवारी मी त्यांच्याकडे जेवत असे. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, ज्वारीची भाकरी आणि ठेचा वाढत आणि साहेबांची मनसोक्त खेचत. "गावाच्या हरकती आयकता, माही कोन आयकते? मीठ आना म्हनून परवापासून सांगून राह्यली." साहेब हसत आणि मीठ आणायला विसरत.

माप ठरल्यानंतरच्या रविवारी मात्र काकू हसत नव्हत्या. त्यांनी मलाच विचारलं, "बंडीचंच माप घेतलं का जी? दमणीचं कोन घेतलं?"

दमणी म्हणजे माणसांची हलकी छपराची गाडी. बायका माहेरी-सासरी जातात ती. दमणी बंडीपेक्षा बरीच अरुंद असते. मी म्हणालो, दमणीबद्दल तर कुणीच हरकत घेतली नाही.

"कोन घेईन? दवंडी कुठं फिरली? पारावर अन् हाटेलापुढं. विहिरीवर आली का?" काकू खाली बसल्या. मग त्यांनी मला सांगितलं. त्यांची एकुलती लेक त्या वाटेच्या पलीकडच्या गावी दिलेली होती. मागच्या पावसाळ्यात तिला दिवस भरण्याआधीच कळा लागल्या. दवाखाना इकडे वरवट बकालला. दमणी जोडून निघाले, ती गाऱ्यात अडकली, आणि मूल वाटेतच गेलं. आता ती पुन्हा गरोदर होती. भादव्यात दिवस भरणार होते. सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे तिला आधी माहेरी आणताही येत नव्हतं. "बंडीच्या मापाचे दगड बसले तं दमणीचं एक चाक दगडावर अन् एक गाऱ्यात. पह्यलेपरीस वाईट. चिखलात निदान सरळ तं उभी राह्यते."

मी साहेबांकडे पाहिलं. ते ताटाकडे पाहत होते.

"तुम्हाला हे ठाऊक होतं?" मी विचारलं.

"ठाऊक हाये. माह्याच लेकीचं मले ठाऊक नसन का?"

"मग बोलला का नाहीत?"

"मी खुर्चीवर हाओ," ते म्हणाले. "खुर्चीवर बसनाऱ्यानं सोताची हरकत काढली तं बाकीच्याईच्या हरकतीले काय किंमत राह्यली? लोक म्हनतीन, मालकानं घरचं पाहून घेतलं." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "कोनी दुसऱ्यानं काढली असती तं आयकली असती. वाट पाहत होतो. कोनी काढली नाही."

मला त्या क्षणी त्यांचा संताप आला. एवढा न्याय काय कामाचा, असं मी मनात म्हणालो. आज इतक्या वर्षांनी मला तसं ठामपणे म्हणवत नाही.  काकूंनी मात्र माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि विचारलं, "शेवटची सभा कधी हाये?"

शेवटच्या सभेत साहेबांनी गाठ मारलेली सुतळी हातात धरून दाखवली आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "अजून कोनाची हरकत?" लोक उठायच्याच बेतात होते. तेवढ्यात शाळेच्या फाटकातून एक दमणी आत आली. काकू उतरल्या. डोक्यावरचा पदर नीट केला आणि सरळ खुर्चीसमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मागून विहिरीवरच्या पाच-सात बायाही आल्या आणि भिंतीला लागून उभ्या राहिल्या. त्या आवारात त्याआधी सभेला बाई आल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं.

"अध्यक्ष साहेब," काकू म्हणाल्या, "माही हरकत हाये."

उठू पाहणारे लोक पुन्हा टेकले.  साहेबांनी कुठल्याही परक्या बाईला म्हणावं तसं म्हटलं, "बाई, पह्यले पानी घ्या."

काकूंनी तांब्या उचलला आणि संपेपर्यंत खाली ठेवला नाही.

तेव्हा साहेब खुर्चीवरून उठले. "ही माह्या घरची हाये. मले इथं बसता येत नाही. मिस्त्री, तुम्ही बसा." करीम मिस्त्री कचरत खुर्चीच्या कडेवर टेकले आणि ओव्हरसियर साहेब इतर माणसांबरोबर खाली सतरंजीवर येऊन बसले. त्या आवारात त्यांना जमिनीवर बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. ते एकाएकी म्हातारे दिसायला लागले.

काकूंनी बंडीवाल्यांची बाजू सांगितली, कापसाचा भार, डोंगराचे धोंडे, सगळं. इतकं अचूक सांगितलं की पाटील आणि मिस्त्री दोघांच्याही तोंडून एकदमच 'हाव' निघाला. घरात रोज जेवताना ऐकलेलं होतं ते. मग त्यांनी आपलं सांगितलं. रडल्या नाहीत. "बंडीतून कापूस जाते, दमणीतून बाई जाते. कापूस भिजला तं वाळवता येते," एवढंच म्हणाल्या आणि खाली पाहिलं.

करीम मिस्त्रींनी सुतळी घेऊन दमणीच्या चाकांना लावली. पट्ट्या आतल्या बाजूनं रुंद केल्या तर दमणीही चालेल आणि बैलांनाही मध्ये जागा पुरेल, असं त्यांनी सांगितलं. पण मंजूर दगड तेवढाच होता. पट्टी रुंद झाली की लांबी कमी होणार. काम पलीकडच्या गावाकडून सुरू व्हायचं होतं, त्यामुळे दगड संपणार तो नेमका वरवट बकालच्या अलीकडे, तुळशीराम पाटलांच्या शेतापाशी. पाटलांच्या बंड्यांना बाजारात यायला तेवढाच तुकडा लागत असे. म्हणजे त्यांच्या वाट्याला सगळाच चिखल राहणार होता.

पाटील उठले. "हे नाही चालनार! इतके बाजार मी इथं बसलो ते काय—"

मिस्त्रींनी भीत भीत तांब्या पुढे केला. पाटील प्यायले.

"आता वैनीचं सांगा, पाटील," मिस्त्री म्हणाले. "नियम हाये."

पाटील काकूंसमोर उभे राहिले. उंचपुरा माणूस, पण हात कुठं ठेवावे ते त्यांना कळेना. "वैनीचं म्हननं असं हाये का... दमणी अरुंद हाये, ते पट्टीवर बसनार नाही."

काकूंनी मान हलवली. हाव नाही.

"एक चाक दगडावर राहीन, अन् एक गाऱ्यात. दमणी कलंडन."

पुन्हा नाही.

पाटलांनी टोपी काढली.  मग काकूंनी उघड सांगितलं नव्हतं, पण गावाला ठाऊक होतं ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "त्याईची लेक पोटुशी हाये. मांगच्या साली तिचं लेकरू गाऱ्यात गेलं. या साली..." त्यांनी वाक्य सोडलं आणि पुन्हा धरलं. "या साली जाऊ नाही."

"हाव," काकू म्हणाल्या.

"आता तुमचं सांगा," मिस्त्री म्हणाले.

पाटील टोपी हातात फिरवत उभे राहिले. "माहं काई नाही," ते म्हणाले आणि खाली बसले, ते नेमके ओव्हरसियर साहेबांच्या शेजारी. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मिस्त्रींनी सुतळीला दुसरी गाठ मारली. माझे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला मी उगाच कागद चाळत होतो, हे सांगायला मला आज काही वाटत नाही.

जाता जाता मिस्त्रींना आठवण झाली. "वैनी, मिटली का?"

काकू दमणीत बसता बसता म्हणाल्या, "पान्यापावसात सांगीन."

दगड उन्हाळ्यात बसले आणि पाटलांच्या शेतापाशी संपले. त्यानंतर ओव्हरसियर साहेबांनी गावातल्या प्रत्येक दवंडीची वाट विहिरीवरून नेली. सभा साधी असो की मोठी, भिंतीला लागून बायांसाठी एक सतरंजी अंथरली जाऊ लागली. ती बहुधा रिकामीच असे, पण ते ती उचलू देत नसत. हरकती ऐकताना अधूनमधून त्यांची नजर तिकडे जाई.

भादव्यात झड लागली. काकू लेकीकडे जाऊन राहिल्या होत्या. ओव्हरसियर साहेब रोज सकाळी छत्री घेऊन पाटलांच्या शेतापर्यंत, दगड संपतात तिथपर्यंत जात आणि उभे राहत. मी त्यांना म्हणे, साहेब, तब्येत सांभाळा. ते म्हणत, "माप पाहून राह्यलो." कसलं माप, ते मी विचारलं नाही.

एके सकाळी मीही त्यांच्याबरोबर होतो. पाऊस तिरपा येत होता. तिथं पाहतो तर तुळशीराम पाटील आधीच उभे, पोत्याची खोळ डोक्यावर, आणि शेजारी त्यांची सगळ्यात दमदार बैलजोडी जोखडासकट तयार. मला नंतर कळलं, झड लागल्यापासून ती जोडी रोज तिथं उभी राहत होती.

दूर पट्टीवर दमणी दिसली. दोन्ही चाकं दगडावर. घाईनं येत होती, पण कलत नव्हती, इतकी सरळ येत होती की मला वाटलं आपण उगाच भीत होतो. दगड संपले तिथं पाटलांनी एक शब्द न बोलता आपली जोडी पुढं जुंपली, त्यांच्या गड्यानं मागून खांदा लावला, मी लावला, ओव्हरसियर साहेबांनी छत्री फेकून दिली आणि चिखलात उतरून चाकाला हात घातला. दमणी हलली आणि ओढली जाऊन निघाली. आतून लेकीचं कण्हणं ऐकू येत होतं. थांबायला कुणालाच वेळ नव्हता.

दमणी पुढं गेली तेव्हा मागचा पडदा हातभर बाजूला झाला. काकूंचा भिजलेला चेहरा दिसला. गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे त्यांनी पाहिलं आणि पावसातून ओरडून सांगितलं, "मिटली!"